अबेओकुटा: एग्बा योरुबांचे एक शहर आणि त्यातील अनेक राजगाद्या

नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा समाजाच्या राजांचा विषय निघाला की इफेचा ओनी आणि ओयोचा अलाफिन ही दोन नावे आधी येतात. ओनी हा योरुबांचा मूळपुरुष मानल्या गेलेल्या ओडुडुवाच्या गादीचा वारस, तर अलाफिन हा एकेकाळी घोडदळाच्या जोरावर दूरवर सत्ता गाजवणाऱ्या साम्राज्याचा धनी. या धाग्यात मला या दोघांविषयी नव्हे, तर नैऋत्य नायजेरियात ओगुन नदीच्या काठी वसलेल्या अबेओकुटा शहराविषयी आणि तिथल्या एग्बा लोकांविषयी लिहायचे आहे. आज 'एग्बांचा राजा' म्हणून अलाके हे एकच पद जगाला ठाऊक आहे, परंतु साऱ्या एग्बांवर एकच राजा ही त्यांची जुनी रीत नव्हती. ती गेल्या पावणेदोनशे वर्षांत, युद्धे, मिशनरी आणि वसाहतीचे सरकार यांच्या रेट्यात घडत गेली आणि एग्बांनी ती वेळोवेळी नाकारलीही.

एग्बांचे मूळ ठिकाण म्हणजे आजच्या अबेओकुटाच्या पूर्वेला, इबादानच्या बाजूला पसरलेले 'एग्बा अरण्य'. तिथे त्यांची शंभराहून अधिक लहानमोठी गावे होती आणि प्रत्येक गाव आपला कारभार आपण पाहत असे. ही गावे तीन गटांत मोडत. पहिला गट आके गावाभोवतीचा, त्याचा प्रमुख अलाके. दुसरा ओके-ओना, त्याचा प्रमुख ओशिले. तिसरा ग्बागुरा, त्याचा प्रमुख अगुरा. 'अलाके' या शब्दाचा अर्थच मुळी 'आकेचा धनी' असा आहे. 'ओनी' हा धनीपणा सांगणारा योरुबा उपसर्ग 'आके'ला जोडला की 'अलाके' होतो आणि 'ओवू' या गावनावाला जोडला की 'ओलोवू' होतो. म्हणजे नाव गावाचे आहे, समाजाचे नाही. अलाकेचा मान मोठा होता, पण ओके-ओनाच्या एखाद्या गावात जाऊन तिथल्या लोकांवर हुकूम चालवण्याचा अधिकार त्याला नव्हता.

अठराव्या शतकात ही सर्व गावे ओयोची मांडलिक होती आणि गावोगावी ओयोचे 'इलारी' नावाचे प्रतिनिधी बसून खंडणी वसूल करीत. त्यांचा जाच असह्य झाला तेव्हा लिसाबी नावाच्या शेतकऱ्याने जी युक्ती योजली, ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. शेतीच्या हंगामात एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबण्याची 'आरो' नावाची पद्धत योरुबांमध्ये होती. आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण व्हावी अशी ती आहे. लिसाबीने गावोगावच्या तरुणांची अशी कामकरी मंडळे बांधली. इलारींना त्यात संशय घेण्यासारखे काही दिसले नाही, आणि ठरलेल्या वेळी याच मंडळांनी गावोगावचे इलारी ठार करून ओयोचे जोखड फेकून दिले. हा उठाव अठराव्या शतकाच्या शेवटच्या चतकोरातला मानला जातो. लिसाबी राजा नव्हता, तरीही एग्बा लोक आजही स्वतःला 'ओमो लिसाबी', म्हणजे लिसाबीची लेकरे, म्हणवतात. ज्या समाजाने आपले मूळ सांगताना राजाचे नव्हे तर शेतकऱ्याचे नाव घेतले, त्याच्या राजसत्तेकडे पाहताना ही बाब विसरता येत नाही.

पुढची पन्नास वर्षे मात्र फार वाईट गेली. ओयोचे साम्राज्य कोसळत असताना उत्तरेकडून निर्वासितांचे आणि शस्त्रधारी टोळ्यांचे लोंढे दक्षिणेला आले. १८२०च्या दशकात इफे, इजेबू आणि ओयोचे निर्वासित यांच्या संयुक्त सैन्याने ओवू हे बलाढ्य शहर वेढा घालून उद्ध्वस्त केले आणि मग तेच सैन्य एग्बा अरण्यात शिरले. एकामागून एक गाव जळाले, माणसे पकडून किनाऱ्यावरच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांना विकली गेली. आजचे इबादान ज्या जागी उभे आहे तिथे पूर्वी ग्बागुरा एग्बांचे एक गाव होते. उरलेल्या एग्बांना घेऊन शोडेके नावाचा सेनानी १८३०मध्ये पश्चिमेकडे निघाला आणि ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आश्रयाला येऊन थांबला. 'अबेओकुटा' याचा अर्थ 'खडकाखाली'. काही वर्षांतच, ज्यांचे शहर सर्वांत आधी पडले होते ते ओवूचे लोकही तिथे येऊन वसले.

या वसाहतीची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पळून आलेल्या लोकांनी एकच नवे गाव उभारले नाही. प्रत्येक जुन्या गावाने नव्या शहरात आपल्या जुन्याच नावाची पेठ वसवली आणि आपले पंच, आपले सेनानी, आपली देवस्थाने तशीच तिथे आणली. जळून गेलेले सारे एग्बा अरण्य एका तटाच्या आत पुन्हा मांडले गेले. या शहरात आके, ओके-ओना, ग्बागुरा आणि ओवू असे चार विभाग झाले आणि त्यांच्या चार गाद्या पुढे उभ्या राहिल्या. शेजारच्या ईबाराचा ओलुबारा हा पाचवा. त्याचे लोक मात्र एग्बा नव्हेत. शोडेके १८४५मध्ये वारला. पंधरा वर्षे त्याने साऱ्या शहराचे नेतृत्व केले, पण तो राजा झाला नाही. अबेओकुटातील पहिला अलाके, ओकुकेनू, गादीवर बसला तो १८५४मध्ये, म्हणजे शहर वसल्यानंतर चोवीस वर्षांनी.

जाणकारांनी या विषयात आपली भर घालावी, अशी विनंती आहे.

प्रतिसाद १

लेख मन लावून वाचला आणि आवडला. एक शंका आहे. योरुबा राजाला 'काबियेसी' असे संबोधतात आणि त्या शब्दाची फोड 'ज्याला जाब विचारणारा कोणी नाही' अशी केली जाते, असे मी वाचले आहे. पुरुष राजापुढे साष्टांग दंडवत घालतात, स्त्रिया गुडघे टेकतात, मण्यांच्या मुकुटाच्या झालरीआड राजाचा चेहरा झाकलेला असतो. ज्या समाजात राजाला उद्देशून असा शब्द वापरला जातो, त्या समाजात राजसत्ता मर्यादित होती हे म्हणणे मला अजून पटत नाही. राजा नसताना किंवा राजा दुबळा असताना या शंभर पेठांचा कारभार चालवत कोण होते?

धागाकर्ता

शंका अगदी योग्य ठिकाणी घेतली आहे, कारण उत्तर 'ओग्बोनी' या संस्थेत आहे आणि मूळ लेखात मी तिला स्पर्शही केला नव्हता.

ओग्बोनी ही ज्येष्ठांची शपथबद्ध सभा असून तिचे आराध्यदैवत पृथ्वी आहे. साखळीने जोडलेल्या स्त्री-पुरुषांच्या दोन पितळी मूर्ती, ज्यांना 'एदान' म्हणतात, हे तिचे चिन्ह. या सभेत एक वचन प्रसिद्ध आहे: 'ओग्बोनी मेजी, ओ दि एता', म्हणजे दोन ओग्बोनी एकत्र आले की ते तीन होतात. तिसरी असते ती पृथ्वी, त्यांच्या बोलण्याची साक्षीदार. सभेच्या प्रमुखाला ओलुवो आणि तिची सूत्रे सांभाळणाऱ्याला अपेना म्हणतात. ओग्बोनी इतर योरुबांमध्येही आहेत, पण एग्बांकडे प्रत्येक गावाचे मुलकी सरकार म्हणजेच ओग्बोनी होते. न्यायनिवाडा त्यांच्या सभागृहात होई आणि राजाची निवडही त्यांच्या संमतीशिवाय होत नसे. त्यांच्या जोडीला युद्धाचा कारभार पाहणारे 'ओलोरोगुन', बाजार आणि व्यापार यांवर देखरेख ठेवणारे 'पराकोयी' आणि शिकाऱ्यांची संघटना 'ओडे' होती. अबेओकुटात प्रत्येक पेठेत ही रचना वेगळी उभी होती.

आता 'काबियेसी'विषयी. राजाचा शब्द अंतिम होता तो यासाठी, की तो उच्चारला जाण्याआधी सभेत घासूनपुसून ठरलेला असे. उघड दरबारात त्याला कोणी आव्हान देत नसे, कारण आव्हान द्यायचे ते आतल्या बैठकीत देऊन झालेले असे. खुद्द ओयोमध्ये, जिथे अलाफिनचा दरारा सर्वांत मोठा होता, तिथेही सरदारमंडळाचा प्रमुख बशोरुन अलाफिनला कळवू शकत असे की देवांनी, लोकांनी आणि पृथ्वीने तुम्हाला नाकारले आहे, आणि तसे कळवल्यावर अलाफिनने स्वतःचा प्राण संपवायचा असे. दंडवत गादीला असतो. त्या गादीवर कोण बसेल आणि किती काळ बसेल, हे ठरवणारे लोक तोच दंडवत घालणाऱ्यांमध्ये असतात.

प्रतिसाद २

नोकरीनिमित्त मी काही वर्षे लागोसमध्ये राहिलो आणि त्या काळात अबेओकुटाला तीन वेळा जाणे झाले. ओलुमो खडकावर चढताना खालच्या अंगाला बुटक्या, अंधाऱ्या कपारी लागतात. युद्धाच्या काळात लोक इथे लपून राहत, असे तिथला वाटाड्या सांगतो. माणसाला पुरते ताठ उभेही राहता येत नाही अशा त्या जागेत बसून मी बराच वेळ बाहेर पाहत होतो. वरून पाहिले की गंजक्या पत्र्याच्या छपरांचा तपकिरी समुद्र चहूबाजूंनी पसरलेला दिसतो. धागाकर्ते म्हणतात ती पेठांची रचना त्या उंचीवरून ओळखू येत नाही. ती कळते माणसांशी बोलताना. तुम्ही कुठले, असे विचारले की लोक अबेओकुटा असे न सांगता आपल्या पेठेचे नाव सांगतात, आणि ते नाव दोनशे वर्षांपूर्वी जळालेल्या एखाद्या गावाचे असते.

इतोकूच्या बाजारात 'आदिरे' कापड मिळते. कसाव्याच्या पिठाची खळ पिसाने कापडावर लावून नक्षी काढतात आणि मग ते निळीत बुडवतात. जिथे खळ असते तिथे रंग चढत नाही. दुसऱ्या प्रकारात कापड ताडाच्या तंतूंनी गच्च बांधून रंगवतात. रंगवणाऱ्या आणि विकणाऱ्या बहुतेक स्त्रियाच, आणि भाव करताना त्या कोणाचे ऐकून घेत नाहीत. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण एग्बा राजगादीचा इतिहास बाजारातल्या या स्त्रियांना वगळून पुरा होत नाही. १९३६मध्ये तेव्हाच्या अलाकेने कॉस्टिक सोडा आणि कृत्रिम रंग यांच्यावर बंदी आणली होती आणि या रंगारणींनी तिला जोरदार विरोध केला होता.

प्रतिसाद ३

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक आक्षेप नोंदवतो. 'एकच राजा' ही कल्पना सरळ ब्रिटिशांच्या माथी मारणे सोपे आहे. पण १८५४मध्ये ओकुकेनूला गादीवर बसवले तेव्हा अबेओकुटावर ब्रिटिशांची सत्ता नव्हती. लागोससुद्धा त्यांनी १८६१मध्ये ताब्यात घेतले. एग्बांना स्वतःलाच एका प्रमुखाची गरज का वाटली असावी, याचा विचार व्हायला हवा. १८५१मध्ये पश्चिमेकडच्या दाहोमे राज्याचा राजा गेझो याने प्रचंड सैन्यानिशी शहरावर चाल केली होती आणि त्या सैन्यात स्त्री-सैनिकांच्या नावाजलेल्या पलटणी होत्या. एग्बांनी तटावरून तो हल्ला परतवला. १८६४मध्ये गेझोचा मुलगा ग्लेले पुन्हा चालून आला आणि पुन्हा हरला. शत्रू दारात उभा असताना शंभर सभांनी स्वतंत्र निर्णय घेऊन भागत नाही.

धागाकर्ता

आक्षेप मान्य. मूळ लेखात मी 'युद्धे' हा शब्द सर्वांत आधी घातला होता, पण त्याचा विस्तार केला नव्हता. मात्र दोन गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे, त्या काळात अबेओकुटात आणखी एक वर्ग उभा राहिला होता. गुलामांच्या जहाजांतून ब्रिटिश आरमाराने सोडवलेले आणि सिएरा लिओनमध्ये उतरवलेले योरुबा लोक १८३९पासून आपली माती शोधत परत येऊ लागले. त्यांना 'सारो' म्हणत. सॅम्युएल अजाई क्राउदर हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. १८२१मध्ये पकडून विकला गेलेला हा मुलगा पाद्री होऊन १८४६मध्ये अबेओकुटात आला आणि पंचवीस वर्षांनी त्याला त्याची आई याच शहरात भेटली. हेन्री टाउनसेंड या मिशनऱ्याने इथेच १८५९मध्ये 'इवे इरोहिन' हे योरुबा भाषेतले वृत्तपत्र काढले. मिशनऱ्यांना आणि लागोसच्या अधिकाऱ्यांना बोलणी करण्यासाठी एक माणूस हवा होता, शंभर सभा नको होत्या. एग्बांनी या मंडळींना जवळ केले, पण त्यांच्या हाती सूत्रे दिली नाहीत. लागोसचे ब्रिटिश सरकार डोईजड होऊ लागले तेव्हा १८६७मध्ये मिशनऱ्यांना शहराबाहेर काढण्यात आले आणि त्या धुमश्चक्रीत छापखानाही गेला. त्याआधी, १८६५मध्ये, जॉर्ज विल्यम जॉन्सन या सारो गृहस्थाने पुढाकार घेऊन 'एग्बा संयुक्त व्यवस्थापन मंडळ' उभारले होते. जकात, पत्रव्यवहार आणि परराज्यांशी संबंध हे सारे नव्या धर्तीवर चालवण्याचा तो प्रयत्न होता आणि त्याचा अध्यक्ष अलाके नव्हता, तर सेनापती शोमोये होता.

दुसरी गोष्ट, ओकुकेनू १८६२मध्ये वारल्यावर आके गादी सात वर्षे रिकामी राहिली आणि पुढेही अशी रिकामपणाची वर्षे आली. शहर त्यामुळे बंद पडले नाही. १८६४चा विजय राजा नसताना मिळाला. त्याच वर्षी मादाम तिनुबू या व्यापारी स्त्रीला शहराने 'इयालोडे', म्हणजे सर्व स्त्रियांची प्रमुख, हे पद दिले, कारण युद्धासाठी तिने केलेला शस्त्रपुरवठा मोलाचा ठरला होता. ब्रिटिश कौन्सुलने १८५६मध्ये तिला लागोसमधून हाकलले होते. अबेओकुटाने तिला हा मान दिला.

म्हणून मी असे म्हणेन की १८५४ची गादी एग्बांनी स्वतः उभारली, पण ती चार विभागांतल्या समकक्षांमधली पहिली गादी होती. तिच्याकडे सारी सत्ता एकवटली ती नंतर. १८९३च्या तहाने ब्रिटिशांनी एग्बांचे स्वातंत्र्य मान्य केले. १८९८मध्ये पहिला ग्बाडेबो अलाके झाला आणि 'एग्बा संयुक्त सरकार' स्थापन झाले. १९०४मध्ये हा अलाके लंडनला जाऊन सातव्या एडवर्डला भेटला. बाहेरून पाहता हा वैभवाचा काळ होता, पण आतून अलाकेची भिस्त आपल्या सभांवर कमी आणि लागोसच्या पाठिंब्यावर जास्त होऊ लागली होती. १९१४च्या ऑगस्टमध्ये इजेमो पेठेतील एक वृद्ध गृहस्थ कोठडीत दगावले, लोक जमले, आणि अलाकेच्या सरकारने बोलावलेल्या ब्रिटिश फौजेने जमावावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच तह रद्द झाला आणि एग्बांचे स्वातंत्र्य संपले. १९१८मध्ये थेट कर आणि वेठबिगार यांच्याविरुद्ध उठाव झाला, ज्याला अदुबीचे युद्ध म्हणतात. लोकांनी रेल्वेचे रूळ उखडले आणि ओके-ओनाचा ओशिले ठार झाला. लोकांचा राग आपल्याच राजावर निघावा, ही स्थिती केवळ चार वर्षांत आली होती. याचे कारण मला स्पष्ट दिसते: राजाला नेमणारे आणि आवरणारे हात आता ओग्बोनीचे राहिले नव्हते.

प्रतिसाद ४

मी स्त्री-चळवळींच्या इतिहासाची विद्यार्थिनी आहे. १९४७ची गोष्ट अजून कोणी लिहिली नाही, म्हणून लिहिते.

दुसरा अडेमोला १९२०मध्ये अलाके झाला. ब्रिटिश पद्धतीत तो 'एकमेव देशी सत्ताधीश' होता. कर वसूल करणे, न्यायालये चालवणे, नेमणुका करणे हे सारे त्याच्या नावाने होई. अबेओकुटात स्त्रियांवर स्वतंत्र कर होता. मुलगी पंधरा वर्षांची झाली की तिला कर लागू होई, मुलाला सोळाव्या वर्षी. करवसुलीतील अपमान, त्यात महायुद्धाच्या काळात बाजारातून तांदूळ पडेल भावाने उचलून नेणे, यांमुळे बाजारातल्या स्त्रिया त्रस्त झाल्या होत्या. शाळा चालवणाऱ्या फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी १९३२मध्ये सुशिक्षित स्त्रियांचे एक मंडळ सुरू केले होते. बाजारातल्या स्त्रियांची गाऱ्हाणी ऐकल्यावर त्यांनी त्याची दारे सर्वांसाठी उघडली आणि १९४६मध्ये त्याचे 'अबेओकुटा विमेन्स युनियन' झाले. बाजारातल्या स्त्रियांना आपण त्यांच्यातल्याच वाटावे म्हणून रॅन्सम-कुटी सभांमध्ये योरुबातूनच बोलत आणि योरुबा वेशच करीत, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

मोर्च्याला परवानगी मिळत नसे, तेव्हा त्या मोर्च्याला 'सहल' किंवा 'उत्सव' म्हणत आणि निघत. १९४७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दहा हजारांच्या आसपास स्त्रिया राजवाड्यासमोर रात्रंदिवस बसल्या. त्या अलाकेला उद्देशून गाणी म्हणत, आणि ती गाणी स्तुतीची नव्हती. १९४८मध्ये स्त्रियांवरचा कर स्थगित झाला, ओग्बोनी सरदारही अलाकेविरुद्ध उभे राहिले, अलाके शहर सोडून गेला आणि ३ जानेवारी १९४९ रोजी त्याने पदत्याग केला. नंतरच्या हंगामी मंडळात चार स्त्रियांना जागा मिळाल्या. त्या वेळी तेरा-चौदा वर्षांचा असलेला आके पेठेतला एक मुलगा, ज्याची आई या चळवळीत होती, पुढे नोबेल विजेता लेखक वोले शोयिंका म्हणून ओळखला गेला.

परंतु १९५०च्या डिसेंबरमध्ये हाच अडेमोला परत आला आणि १९६२मध्ये मृत्यू येईपर्यंत अलाके राहिला. मग त्या पदत्यागाला काय अर्थ उरला, असा प्रश्न मला नेहमी पडतो. धागाकर्त्यांचे मत वाचायला आवडेल.

धागाकर्ता

ताई, आपण लिहिलेल्या भागाशिवाय हा धागा अपुरा राहिला असता. मनापासून आभार.

आपल्या प्रश्नावर मी बराच विचार केला. अडेमोला परतला हे खरे, पण तो ज्या पदावर परतला ते पद १९४७चे राहिले नव्हते. 'एकमेव सत्ताधीश' ही व्यवस्था गेली होती आणि कारभार मंडळाकडे आला होता. त्याला परत येऊ देणारे लोकही तेच होते, ज्यांनी त्याला जायला लावले होते. लागोसच्या हुकमावरून त्याला पुन्हा बसवले गेले असते तर मी वेगळे म्हटले असते. मूळ लेखातल्या शब्दांत सांगायचे, तर आकेच्या धन्याला आकेच्या लोकांनी पुन्हा धनी मानले.

आणखी एक बाब मला जाणवते. १९४८मध्ये ज्या दोन गटांनी त्याला हटवले, ते म्हणजे ओग्बोनी आणि बाजारातल्या स्त्रिया. ओग्बोनींचा अधिकार जुनाच होता. स्त्रियांची प्रमुख इयालोडे हीदेखील जुनीच संस्था, आणि तिनुबूच्या काळात तिचा शब्द शहरात चालत असे. १९१४नंतरच्या व्यवस्थेत या दोन्ही संस्थांना जागाच उरली नव्हती. रॅन्सम-कुटी यांची संघटना नव्या पद्धतीची होती, पण तिने जी जागा घेतली ती रिकामी पडलेली जुनी जागा होती.

आज अलाकेपदी ऑगस्ट २००५पासून अडेडोतुन अरेमू ग्बाडेबो, म्हणजे तिसरे ग्बाडेबो, आहेत. नायजेरियाच्या १९९९च्या राज्यघटनेने पारंपरिक राजांना शासनाचा कोणताही अधिकार दिलेला नाही. १९७६मध्ये ओगुन राज्य झाले आणि अबेओकुटा त्याची राजधानी, त्यामुळे सत्ता आता राज्यपालाच्या कचेरीत आहे. तरीही चारही विभागांच्या गाद्या भरलेल्या आहेत, पेठोपेठी पदव्या दिल्या जातात आणि दरवर्षी लिसाबीचा उत्सव होतो. माजी राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो हे ओवू विभागाचे. देशाचे सर्वोच्च पद भूषवल्यावरही ते ओवूचे 'बालोगुन', म्हणजे सेनापती, हे पद अभिमानाने मिरवतात.

प्रतिसाद २मधील सदस्यांना एक विनंती. इतोकूच्या बाजारात आपण गेला होता, तर आदिरेच्या नक्षीची नावे आणि त्यांचे अर्थ तिथल्या स्त्रियांकडून ऐकले असतील. त्यावर स्वतंत्र धागा काढावा, म्हणजे या शहराची ती बाजूही सविस्तर वाचता येईल.